क्योटोतील जुन्या वागाशी दुकानात पहिल्यांदा जाताना

जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जुन्या पेढीला ‘शिनिसे’ म्हणतात आणि तिथल्या पारंपरिक मिठाईला ‘वागाशी’. क्योटो शहरात अशा पेढ्या इतक्या आहेत, की शंभर वर्षांचे दुकान तिथे फारसे जुने मानले जात नाही. शिक्षणाच्या निमित्ताने मी त्या शहरात दोन वर्षे राहिले. आत जाऊन काय बोलायचे हे ठाऊक नसल्यामुळे पहिले काही महिने मी या दुकानांच्या दारावरून तशीच पुढे निघून जात असे. अखेर धीर करून एका दुकानात गेले ती दुपारी चार वाजता, आणि तोवर कपाटातले बहुतेक तबक रिकामे झाले होते. पुढच्या आठवड्यात सकाळी गेले आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना द्यायची म्हणून आठ नग मिठाई घेतली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा प्रत्येक नगाची कड सुकून तिला भेगा पडल्या होत्या. काउंटरमागच्या बाईंनी “आजच खा” असे मला दोनदा सांगितले होते. ते मला समजले नव्हते, एवढेच.

या लेखातील बहुतेक सूचना त्या एका गोष्टीतून निघाल्या आहेत. पेढी दोनशे किंवा चारशे वर्षांची असली, तरी तिची सर्वांत सुंदर मिठाई त्या दिवसापुरतीच असते. म्हणून कोणत्या तारखेला जायचे, किती वाजता जायचे, किती नग घ्यायचे आणि ते कुठे बसून खायचे, हे सारे आधी ठरवून निघालात तर तुमची पहिली भेट वाया जाणार नाही.

सोबत काय असावे

- रोख येन. काही जुनी दुकाने अजूनही कार्ड घेत नाहीत. हजार येनच्या चार-पाच नोटा आणि थोडी नाणी पुरतात.
- पासपोर्ट. अल्प मुदतीच्या परदेशी पाहुण्याने तो सतत जवळ बाळगावा असा जपानमध्ये नियमच आहे.
- दुकानाचे नाव आणि पत्ता जपानी लिपीत लिहिलेला कागद.
- तुम्ही जे खात नाही त्या पदार्थांची जपानी लिपीतील चिठ्ठी. ती हॉटेलच्या स्वागतकक्षातून लिहून घ्यावी.
- सपाट तळाची कापडी पिशवी. उभट पिशवीत मिठाईचा डबा कलंडतो आणि नाजूक आकार बिघडतात.
- स्वच्छ, न फाटलेले मोजे, कारण काही ठिकाणी चटईवर बसण्यासाठी बूट काढावे लागतात.
- कचऱ्यासाठी एक लहान पिशवी. रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नसतात.

1. आधी दुकान निवडा आणि मग वार पाहा

सर्वच वागाशी दुकाने एकाच पद्धतीने चालत नाहीत. काही ठिकाणी फक्त विकत घेऊन निघायचे असते, काही ठिकाणी आत चहाची खोली असते, आणि काही ठिकाणी एकच पदार्थ तिथेच बसून खायचा असतो. पहिल्या भेटीसाठी मी खालील दुकानांपैकी एक किंवा दोन सुचवीन. एका दिवसात दोनांहून अधिक दुकाने करू नयेत, कारण तिसऱ्या ठिकाणी जीभ गोडाला कंटाळलेली असते आणि चांगल्या मिठाईवर अन्याय होतो.

नवख्या माणसाला सर्वांत सोयीचे दुकान म्हणजे इमादेगावा आणि होरिकावा या रस्त्यांच्या चौकाजवळचे ‘त्सुरुया योशिनोबु’. ही पेढी 1803 साली सुरू झाली. तिच्या दुसऱ्या मजल्यावर लाकडी काउंटर आहे, त्याच्यापुढे बसून त्या ऋतूच्या मिठायांपैकी एक निवडायची आणि कारागीर ती तुमच्यासमोर हाताने घडवताना पाहायची, अशी सोय आहे. गोळ्यात सारण भरून तो तळहातावर फिरवत बंद करण्याची हालचाल पाहताना मोदक वळणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला ते हात ओळखीचे वाटतील. भाषा येत नसेल तरी पाहून पुष्कळ समजते, म्हणून मी इथूनच सुरुवात करायला सांगते.

त्याच 1803 साली सुरू झालेली दुसरी पेढी ‘कामेया योशिनागा’ ही शिजो रस्त्यावर आहे. तिच्या दाराशी ‘सामेगाइ’ या विहिरीचे पाणी वाहते, आणि तेच पाणी मिठाईसाठी वापरतात. ‘उबातामा’ हा काळ्या साखरेचा, गोटीएवढा चकचकीत गोळा ही तिची जुनी ओळख. गिओन भागात शिजो रस्त्यावरच ‘कागिझेन योशिफुसा’ आहे. तिथे मागच्या खोलीत बसून ‘कुझुकिरी’, म्हणजे कुझु या वेलीच्या मुळातील सत्त्वाच्या गार पट्ट्या, खाव्यात. राजवाड्याच्या पश्चिमेला इचिजो भागात ‘तोराया’ आहे. सम्राट गोयोझेइ यांच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून, ती दरबाराला मिठाई पुरवत आली, आणि 1869 साली राजधानी हलली तेव्हा क्योटोचे दुकान चालू ठेवून टोकियोलाही गेली. कामोगावा नदीच्या संगमाजवळ 1899 पासूनचे ‘देमाची फुताबा’ आहे, आणि उत्तरेला इमामिया देवस्थानाच्या पूर्व दारासमोर ‘इचिमोन्जिया वासुके’ हे आबुरिमोचीचे, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेल्या मोचीचे (चिकट तांदळाच्या लवचिक गोळ्याचे), दुकान आहे, जे आपली सुरुवात 1000 सालाइतकी मागे नेते.

आता वाराकडे या. साप्ताहिक सुट्टीला ‘तेइक्युबी’ म्हणतात आणि ती प्रत्येक दुकानाची वेगळी असते. कागिझेन सोमवारी बंद असते, देमाची फुताबा मंगळवारी आणि महिन्याच्या चौथ्या बुधवारी, तर इमामियाची आबुरिमोची सामान्यतः बुधवारी मिळत नाही. सार्वजनिक सुट्टी आली की हे वार पुढे सरकतात, आणि नववर्षाच्या आसपास वेळापत्रक पूर्ण बदलते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी दुकानाचे स्वतःचे पान पाहावे. शक्य असेल तर गुरुवार किंवा शुक्रवारची सकाळ निवडा.

*सापडण्यातली अडचण.* कासव आणि सारस हे दीर्घायुष्याचे शुभ प्राणी असल्यामुळे ‘कामेया’ (कासववाले) आणि ‘त्सुरुया’ (सारसवाले) या नावाने सुरू होणाऱ्या पेढ्या क्योटोत पुष्कळ आहेत. जुन्या नोकराला पेढीचे नाव वापरून स्वतंत्र दुकान काढू देण्याची प्रथाही आहे, त्यामुळे नावाचा पहिला अर्धा भाग पाहून आत शिरू नका. पत्त्यात ‘आगारु’ असेल तर चौकातून उत्तरेला जायचे आणि ‘सागारु’ असेल तर दक्षिणेला. ‘हिगाशी-इरु’ म्हणजे पूर्वेला आणि ‘निशी-इरु’ म्हणजे पश्चिमेला वळायचे. हे चार शब्द पाठ केल्यावर क्योटोचे लांबलचक पत्ते एकदम सरळ होतात.

2. मिठाईचे प्रकार समजून घ्या

सगळ्याचा पाया ‘आन’ हा आहे. ‘अझुकी’ नावाच्या लहान लाल कडधान्याला शिजवून, साखर घालून आटवलेले हे जपानी पुरणच समजा. आपण पुरणयंत्रातून काढतो तसे गाळून, सालीविना मऊ केलेले ते ‘कोशिआन’, आणि दाणे अख्खे राखलेले ते ‘त्सुबुआन’. पांढऱ्या घेवड्यासारख्या कडधान्याचे ‘शिरोआन’ही असते, रंगीत फुले आणि पाने बहुधा त्यातूनच घडवतात. आपल्या पुरणात वेलदोडा, जायफळ आणि तूप असते, तर इथे यांपैकी काहीच नसते. पहिला घास म्हणूनच काहीसा अपुरा वाटतो. दुसऱ्या घासापर्यंत थांबा. कडधान्याचा स्वतःचा वास तेव्हा लागू लागतो.

ओलाव्यावरून मिठाईचे तीन गट पडतात. ‘नामागाशी’ ही ओली मिठाई. तिच्यातील सर्वांत नाजूक, हाताने घडवलेल्या प्रकाराला ‘ज्योनामागाशी’ म्हणतात, आणि ती त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी लागते. ‘हिगाशी’ ही कोरडी मिठाई. ‘वासान्बोन’ ही तोकुशिमा आणि कागावा भागांत तयार होणारी बारीक, फिकट साखर लाकडी साच्यात दाबून ती करतात, आणि ती कित्येक आठवडे टिकते. या दोन्हींच्या मधली ती ‘हाननामागाशी’. ‘योकान’ हा आगर (चायना ग्रास), साखर आणि आन यांचा घट्ट वडीसारखा पदार्थ मात्र दिसायला ओला असूनही, बंद वेष्टनात वर्षभराच्या आसपास टिकतो.

डब्यावर दोन वेगळ्या प्रकारच्या तारखा असतात. ‘शोहि किगेन’ म्हणजे या तारखेनंतर खाऊच नये, आणि ‘शोमि किगेन’ म्हणजे या तारखेपर्यंत चव उत्तम राहील. विकणारी व्यक्ती ‘होन्जित्सु-च्यु’ असे म्हणाली, तर त्याचा अर्थ ‘आजच्या आज’. माझे आठ नग याच शब्दापायी वाया गेले.

3. तारखेप्रमाणे काय मागायचे

दुकानातील ओल्या मिठाया दोन-तीन आठवड्यांनी बदलतात, आणि एखाद्या मिठाईचा हंगाम संपला की ती पुढच्या वर्षापर्यंत मिळत नाही. फुलाच्या आकाराची मिठाई ते फूल पूर्ण बहरण्याच्या थोडी आधीच कपाटात येते, हे लक्षात ठेवले तर एप्रिलच्या मध्यावर चेरीच्या फुलांची मिठाई शोधत फिरण्याची निराशा टळते.

जानेवारीत ‘हानाबिरामोची’ असते. पांढऱ्या मोचीच्या घडीत गोड पांढऱ्या मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सारण आणि गोबो या मुळाची शिजवलेली काडी असते, आणि मूळभाजी गोड पदार्थात पाहून दचकू नका. वसंतात ‘साकुरामोची’. क्योटोकडे ती ‘दोम्योजी’ या भरड तांदळाची करतात आणि खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळतात. हे पान खाल्ले जाते. 5 मेच्या सुमारास येणाऱ्या ‘काशिवामोची’चे ओकाचे पान मात्र खायचे नसते, आपल्या पातोळ्यांच्या हळदीच्या पानासारखे ते सोलून बाजूला ठेवायचे. 30 जून या एका दिवसासाठी क्योटोत ‘मिनाझुकी’ खातात: तांदळाच्या पिठाची पांढरी त्रिकोणी वडी आणि वर अझुकीचे दाणे. त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा, आणि वर्षाच्या पहिल्या अर्ध्या भागातील अमंगळ धुऊन टाकण्याचा तो दिवस. उन्हाळ्यात कुझु आणि आगर यांचे पारदर्शक प्रकार, शरदात चेस्टनट, आणि हिवाळ्यात युझु या लिंबाच्या सुवासाचे पदार्थ येतात.

तुमची तारीख निवडण्याची मुभा असेल, तर मी जूनचा शेवट सुचवीन. पावसाळी, दमट हवेमुळे पर्यटक कमी असतात आणि त्या दिवशी अगदी साध्या गल्लीतील दुकानाबाहेरही मिनाझुकी घेणाऱ्यांची रांग लागलेली दिसते.

4. काय खाता आणि काय नाही, हे आधी ठरवा

शाकाहारी वाचकांसाठी वागाशी हा जपानमधील सर्वांत निर्धास्त खाद्यप्रकार आहे, कारण कडधान्य, तांदूळ, साखर, आगर आणि कुझु यांवर तो उभा आहे आणि जुन्या प्रकारांत दूध-लोणीही नसते. तरीही पुढील ठिकाणी सावध राहावे.

‘कासुतेरा’ हा स्पंज केक आणि ‘दोरायाकी’ ही आन भरलेली पॅनकेकची जोडी यांत अंडे असतेच. नव्या धर्तीच्या थरथरत्या पदार्थांत आगराऐवजी जिलेटिन असू शकते. खारी तांदळाची बिस्किटे आणि सोया सॉसचा गोडसर रस लावलेले पदार्थ यांत माशाचा अर्क असण्याची शक्यता असते. जैन वाचकांनी आणि कंद वर्ज्य करणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे, की ‘ज्योयो मान्जू’ या शुभ्र, वाफवलेल्या, सारण भरलेल्या गोळ्याचे आवरण यामाइमो या कंदाचे असते, आणि क्योटोच्या ज्योनामागाशीतही तो कधीकधी वापरतात. ‘साकेमान्जू’ला साके या मद्याच्या आंबवणाचा वास असतो.

विचारण्यासाठी एकच वाक्य पुरेल: “तामागो वा हाइत्ते इमासु का?” म्हणजे “यात अंडे आहे का?” ‘तामागो’च्या जागी ‘झेराचिन’ (जिलेटिन), ‘साकाना’ (मासा) किंवा ‘यामाइमो’ हा शब्द घाला. “मी शाकाहारी आहे” असे मोघम सांगू नका. त्या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण वेगळा घेतो, आणि माशाचा अर्क अनेकांना मांसाहारात मोडतो असे वाटत नाही.

5. दाराशी आणि काउंटरपुढे

दारावर कापडी पडदा, म्हणजे ‘नोरेन’, टांगलेला असेल तर दुकान उघडे आहे; तो आत घेतलेला असेल तर बंद. पेढीची पत याच शब्दाने सांगतात, त्यामुळे नोरेन मुठीत धरू नका, त्याला हात पुसू नका; हाताच्या पाठीने हलकेच बाजूला सारून थोडे वाकून आत जा. मोठी बॅग बरोबर असेल तर ती स्थानकावरील लॉकरमध्ये ठेवून या. बहुतेक दुकाने अरुंद असतात, आणि पाठीवरची सॅक वळताना कुठे लागेल याचा नेम नसतो. उग्र अत्तर लावू नये. चहाच्या खोलीत तर ते विशेष खटकते.

आत कुणी दिसत नसेल तर “गोमेन कुदासाइ” असे बेताच्या आवाजात म्हणा. विक्रेत्याचे “इराश्शाइमासे” ऐकू आले की मान लववून “कोन्निचिवा” म्हणणे पुरेसे आहे. त्यानंतर कपाटासमोर शांतपणे उभे राहून पाहा. घाई कुणीही करणार नाही, परंतु मागे रांग असेल तर आधी बाजूला उभे राहून निवड पक्की करावी.

मागण्याची पद्धत अशी: बोटाने नव्हे, तर उघड्या तळहाताने पदार्थाकडे निर्देश करून “कोरे ओ फुतात्सु कुदासाइ” म्हणा, म्हणजे “हे दोन द्या.” एक म्हणजे ‘हितोत्सु’, दोन ‘फुतात्सु’, तीन ‘मित्त्सु’, चार ‘योत्त्सु’, पाच ‘इत्सुत्सु’. काचेला बोट टेकवू नये आणि पदार्थाला तर हात लावूच नये. ज्योनामागाशीचा एक नग साधारण 400 ते 600 येनच्या घरात असतो आणि सुटा एक नग मागण्यात काहीही कमीपणा नाही. क्योटोचे रहिवासीही दोनच नग घेऊन जाताना मी नेहमी पाहिले आहे.

मग विक्रेता बहुधा विचारील, की हे घरासाठी की भेट देण्यासाठी. घरासाठी असेल तर “जिताकु-यो देसु” असे सांगा. हे न सांगितल्यास तुमची मिठाई डब्यात, डबा कागदात आणि कागद पिशवीत असा सोहळा होतो, आणि तासाभरात खायच्या दोन नगांसाठी ते सारे वाया जाते. भेट असेल तर मात्र ते करू द्यावे. कुणाच्या घरी जात असाल तर दारातच देण्याऐवजी बसल्यावर, कागदी पिशवीतून बाहेर काढून, दोन्ही हातांनी द्यावी.

पैसे विक्रेत्याच्या हातात न देता समोरच्या लहान तबकात ठेवायचे. घासाघीस करायची नसते आणि बक्षिसीही द्यायची नसते. सध्या विक्रीकर घेऊन जायच्या पदार्थांवर 8 टक्के आणि तिथेच बसून खायच्या पदार्थांवर 10 टक्के आहे. 2019 च्या ऑक्टोबरपासून हा फरक लागू झाला, त्यामुळे एकाच मिठाईच्या दोन किमती दिसल्या तर गोंधळू नका. ‘उरिकिरे’ ही पाटी दिसली तर तो पदार्थ संपला; आतून आणून द्या असा आग्रह धरू नये, कारण आत काहीही राखून ठेवलेले नसते. छायाचित्र घ्यायचे असेल तर “शाशिन ओ तोत्ते मो ईइ देसु का?” असे आधी विचारावे.

एक प्रश्न मात्र मी प्रत्येकाला विचारायला सांगते: “कोनो ओकाशी नो नामाए वा नान देसु का?” म्हणजे “या मिठाईचे नाव काय?” प्रत्येक ज्योनामागाशीला स्वतःचे नाव असते. बहुधा ते एखाद्या ऋतूचे, नदीचे किंवा जुन्या कवितेतील प्रतिमेचे असते. तपकिरी गोळ्यावर चिकटवलेले चार पिवळे कण हे नाव कळेपर्यंत निव्वळ कण असतात. हा प्रश्न विचारल्यावर ज्या विक्रेत्या बाई आधी केवळ नम्र होत्या, त्या कागद घेऊन मला नाव लिहून देऊ लागल्या, असा अनुभव मला एकाहून अधिक दुकानांत आला.

6. बसून खायचे असेल तर

चहाच्या खोलीत बसताच ओला रुमाल आणि पाणी किंवा साधा चहा येतो. माच्चासोबत (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेल्या चहासोबत) मिठाई मागवली तर मिठाई आधी येते, आणि ती आधीच संपवायची असते. कडू चहाचा घोट गोडाच्या चवीवर यावा असा तो क्रम आहे, आणि आलटून पालटून घास-घोट घेतल्यास दोन्ही फिके लागतात. सोबत ‘कुरोमोजी’ ही सुवासिक झाडाची चपटी काडी असते. तिने मिठाईचे तीन-चार तुकडे करून एकेक उचलावा. वाडगा दोन्ही हातांनी उचला. तो फिरवण्याचा विधी चहासमारंभातील आहे. दुकानात तो केला नाही तरी चालते. उठताना “गोचिसोसामा देशिता” म्हणा आणि बिल टेबलावर नव्हे, तर गल्ल्यापाशी चुकवा.

कागिझेनची कुझुकिरी हा वेगळाच अनुभव आहे. नारा प्रांतातील योशिनोच्या कुझु या वेलीच्या मुळापासून काढलेल्या सत्त्वाच्या पारदर्शक पट्ट्या बर्फाच्या पाण्यात येतात, आणि शेजारच्या भांड्यात काळ्या साखरेचा पाक असतो, ज्याचा वास काकवीची आठवण करून देतो. पट्टी उचलायची, पाकात बुडवायची आणि चावण्याआधी जिभेवरून थोडी घसरू द्यायची. मागवल्यावरच ती तयार करतात आणि थोड्याच वेळात ती धुरकट होऊन तिचा लवचिकपणा जातो, म्हणून आल्या आल्या खा, छायाचित्रे मागाहून काढा.

आबुरिमोचीच्या दुकानात एका व्यक्तीमागे एक ताटली मागवायची असते. अंगठ्याएवढ्या मोचीच्या तुकड्यांना सोयाबीनचे भाजके पीठ लावून ते बांबूच्या काडीवर निखाऱ्यांवर भाजतात आणि पांढऱ्या मिसोचा गोड रस घालतात. समोरासमोर दोन दुकाने असून दोन्ही हाच पदार्थ विकतात; वाटेत उभे राहून तुलना करत बसू नये, ज्या बाजूला जागा असेल तिकडे बसावे.

*एक इशारा घारींचा.* देमाची फुताबाची खारवलेल्या वाटाण्यांची ‘मामेमोची’ घेऊन लोक जवळच्या नदीकाठी बसतात. तिथे घारी मागून झडप घालून हातातील पदार्थ नेतात आणि नखांनी जखमही होऊ शकते. झाडाखाली किंवा भिंतीला पाठ लावून बसा, आणि पदार्थ डब्यातून काढल्यावर उघडा धरून ठेवू नका. चालत चालत खाणेही टाळा.

7. दोन दुकाने, मराठी माणसाने चुकवू नयेत अशी

गिओनमध्ये यासाका देवस्थानाच्या पायऱ्यांपासून दक्षिणेला काही पावलांवर ‘कामेया कियोनागा’ ही 1617 साली स्थापन झालेली पेढी आहे. तिथे ‘सेइज्यो कान्किदान’ हा पदार्थ मागा. तांदूळ आणि गव्हाच्या पिठाच्या आवरणात सुगंधी द्रव्ये घातलेले कोशिआन भरून, तोंडाशी आठ चुण्या घालून, थैलीसारखा बांधून तो तिळाच्या तेलात तळतात. चंदन, लवंग, दालचिनी असा तो सुगंध आहे. हा पदार्थ नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, चीनमार्गे बौद्ध परंपरेबरोबर जपानात आला आणि देवाला नैवेद्य म्हणून दाखवला जाई. तो देव म्हणजे ‘कान्गितेन’, हत्तीचे मस्तक असलेला, आपल्या गणपतीचे जपानी बौद्ध रूप. ‘कान्कि’ म्हणजे आनंद आणि ‘दान’ म्हणजे गोळा. ‘मोदक’ शब्दातील ‘मोद’चा हा थेट अनुवाद आहे.

पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा मला फार वेळ बोलता आले नव्हते. चुण्या आठ, आकार थोडा उभट, पण ओळख पटायला क्षणही लागला नाही. आवरण कडक असते. पुढच्या दातांनी तोडू नका, बाजूने चावा किंवा भट्टीत थोडा गरम करून घ्या. सुगंधी द्रव्यांमुळे तो पहिल्या घासाला मिठाईपेक्षा उदबत्तीच्या जवळचा वाटतो, आणि देवघराचा पदार्थ म्हणून खाल्ला तर तो समजतो.

दुसरे दुकान योशिदा भागात, विद्यापीठाजवळ आहे: ‘र्योकुज्युआन शिमिझु’, 1847 पासून केवळ ‘कोन्पेइतो’ करणारे. तिरक्या, फिरत्या, तापलेल्या कढईत तांदळाच्या बारीक कणांवर साखरेचा पाक थोडा थोडा शिंपडत ही काटेरी साखरगोळी वाढवतात, आणि त्याला दोन आठवड्यांहून अधिक दिवस लागतात. संक्रांतीचा हलवा निखाऱ्यांवरच्या परातीत तिळावर किंवा खसखशीवर पाकाचे थेंब टाकत, हाताने फिरवत काटेरी होईपर्यंत करणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको. ‘कोन्पेइतो’ हा शब्द पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’पासून आला. 1569 साली लुईस फ्रोइस या धर्मोपदेशकाने ही गोळी काचेच्या बरणीतून ओदा नोबुनागा या त्या काळच्या बलाढ्य सरदाराला भेट दिली, आणि हा फ्रोइस जपानला येण्यापूर्वी अनेक वर्षे गोव्यात राहिलेला होता.

8. घरी काय आणावे

ज्योनामागाशी भारतात आणण्याचा प्रयत्न करू नका. विमानात बसेपर्यंतच तिची मुदत संपते. मोची आणि दाइफुकू (आन भरलेली मोची) हेही दुसऱ्या दिवशी कडक होतात, आणि फ्रीजमध्ये ठेवल्यास अधिकच. कोन्पेइतो, वासान्बोनची हिगाशी आणि योकान हे तीन पदार्थ निर्धास्तपणे आणता येतात. कान्किदानही काही आठवडे टिकतो, मात्र घेताना डब्यावरील तारीख दाखवून “हिमोची वा दोनो कुराइ देसु का?” (“किती दिवस टिकेल?”) असे विचारून घ्यावे. हिगाशी हाताच्या बॅगेत ठेवा, कारण ती दाबाने फुटते. योकान मात्र चेक-इन सामानात टाका. घट्ट जेलीसारखा पदार्थ हाताच्या सामानात पाहून सुरक्षातपासणीत प्रश्न निघू शकतात, शिवाय तो जडही असतो.

तोरायाचा ‘योरु नो उमे’ हा योकान आणलात तर तो अख्खा ताटात ठेवून पाहुण्यांपुढे करू नका. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, बोटाच्या जाडीएवढ्या चकत्या कापा आणि कापलेली बाजू वर येईल अशा मांडा. नावाचा अर्थ ‘रात्रीचा उमे’, म्हणजे अंधारात उमललेली, उमे या जर्दाळूच्या जातीच्या झाडाची फुले, आणि काळ्या चकतीत अडकलेले अझुकीचे फिकट दाणे ही ती फुले आहेत. चकतीचा पहिला तुकडा तोंडात टाकण्याआधी हे नाव पाहुण्यांना सांगा.